कियांतीत सायकल: डांबरी रस्ता की पांढरी वाट?

इटलीत फ्लॉरेन्सहून कियांती भागातली ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेल्लिना अशी गावे घेत सिएनाला जाणारा ‘कियांतिजाना’ हा डांबरी रस्ता द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतून वळणे घेत जातो. सामान लादलेल्या सायकलीला तो सोयीचा पडतो, मात्र उन्हाळ्यात मोटारी पाठ सोडत नाहीत. याउलट, ज्यांच्या जतनाच्या तळमळीतून १९९७ मध्ये ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी याच भागातल्या गायोले गावी सुरू झाली, त्या कच्च्या पांढऱ्या वाटांना रुंद टायर हवेत. खड्या चढावर उभे राहून पायडल मारले की मागचे चाक खडीवर जागीच फिरते. तरीही मी या वाटाच निवडेन, कारण तिथे कडेच्या वेलींच्या पानांवर बसलेली पांढरी धूळसुद्धा निवांत न्याहाळता येते. पहिल्यांदाच जाणाऱ्याने मात्र डांबरी रस्ता धरावा.