आधी मोजणी, मग पाना

सोसायटीच्या तळघरातील पार्किंगचा चढ चढताना माझी पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी वर्षभर धापा टाकत होती. महामार्गावर ८० च्या वेगाने मात्र तिच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. एका अधिकृत वर्कशॉपमध्ये संगणक जोडूनही दोष न सापडल्याने अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला, म्हणून केवळ ऑटोमॅटिकचीच कामे करणाऱ्या या गॅरेजात मी काहीसा साशंक होऊनच आलो.

येथील मिस्त्रींनी पाना हाती घेण्याआधी स्टॉल टेस्ट केली. इंजिन व गिअरबॉक्सचे तेल पुरते तापल्यावर चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक ओढून आणि डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून त्यांनी गिअर डी मध्ये टाकला व ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. गाडी जागची हलत नसताना इंजिन मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर अडते, तोच टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागाचा, स्टॉल स्पीड. दुरुस्ती-पुस्तिकेनुसार तो २३०० च्या आसपास हवा होता. काटा १७०० वरच थांबला, आणि रिव्हर्समध्येही तिथेच. या अवस्थेत इंजिनाची सारी शक्ती तेल तापवण्यात जात असल्याने त्यांनी पाच सेकंदांहून अधिक ॲक्सिलरेटर दाबला नाही व दर वेळी न्यूट्रलमध्ये तेल निवू दिले. (हा प्रयोग कोणी घरी करू नये.)

गिअरबॉक्समधील क्लच घसरत असते तर फेऱ्या २३०० च्या वर गेल्या असत्या. त्या कमी भरल्या, म्हणजे एक तर इंजिन अशक्त किंवा कन्व्हर्टरमधील स्टेटर नादुरुस्त. पण अशक्त इंजिन महामार्गावरही रडले असते. स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशेने वळवतो, म्हणूनच गाडी जागची हलताना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जवळजवळ दुप्पट मिळतो. त्याला एकाच दिशेने फिरू देणारा क्लच निकामी झाला, की तेच तेल उलट इंजिनाला अडवू लागते. जुना कन्व्हर्टर कापून, दोन्ही दिशांना गरगर फिरणारा स्टेटर त्यांनी माझ्या हाती दिला, तेव्हा माझी शंका फिटली.

कन्व्हर्टर व तेल बदलून, कूलरच्या नळ्या धुऊन झाल्यावर पुन्हा मोजणी केली, ती २२५० भरली. खर्च गिअरबॉक्सच्या किमतीच्या पाव हिश्श्याहूनही कमी आला. मात्र तीन दिवस सांगून आठ दिवस लावले, फोन क्वचितच उचलला, आणि बिलावर ‘कन्व्हर्टर काम’ एवढेच लिहिलेले असल्याने सहा महिन्यांची हमी मला मागून लिहून घ्यावी लागली.