हीथ्रोचं लाउंज आणि रात्रीची लंडन-मुंबई फ्लाइट प्रीमियम इकॉनॉमीने, आईसोबत

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. लंडनहून मुंबईला रात्रीच्या फ्लाइटने यायचं असेल आणि सोबत साठी-सत्तरीतले आई-बाबा असतील तर प्रीमियम इकॉनॉमीचे (इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग) जास्तीचे पैसे वसूल होतात, पण एकाच अटीवर, पोटभर जेवण लाउंजमध्ये करून घ्यायचं आणि विमानात चढल्यावर फक्त झोपायचं. विमानातलं जेवण, सिनेमे, वाइन यासाठी हे तिकीट घेणार असाल तर माझ्या मते घेऊ नका, तेवढ्या पैशात लंडनमध्ये चार वेळा मस्त जेवून होईल.

आम्ही ब्रिटिश एअरवेजने आलो, हीथ्रो टर्मिनल ५ वरून. त्यांची संध्याकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराची फ्लाइट असते ती, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास मुंबईत उतरवते. सकाळची पण एक असते पण ती मध्यरात्रीनंतर मुंबईत सोडते आणि आम्हाला पुढे पुण्याला जायचं होतं, रात्री दोन वाजता आईला घेऊन एक्स्प्रेसवेवर निघायचं माझ्या जिवावर आलं असतं. म्हणून रात्रीचीच. आईचे गुडघे दुखतात, इकॉनॉमीत नऊ तास पाय दुमडून बसली की उतरताना तिला दहा मिनिटं उभंच राहता येत नाही, हे मी आधी बघितलंय, त्यामुळे यावेळी ठरवलंच होतं की एक वर्ग वरचं तिकीट काढायचं.

लाउंजचं आधी. खूप जणांचा समज असतो की प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे लाउंज आलंच. तसं नाहीये. ब्रिटिश एअरवेजची स्वतःची लाउंज बिझनेस, फर्स्ट आणि त्यांचे सिल्व्हर-गोल्ड कार्डवाले यांच्यासाठी आहेत, वर्ल्ड ट्रॅव्हलर प्लस (त्यांच्याकडे प्रीमियम इकॉनॉमीला हे नाव आहे) च्या तिकिटावर आत घेत नाहीत. मग उरतं पैसे भरून किंवा प्रायॉरिटी पास (बऱ्याच क्रेडिट कार्डांसोबत मिळणारं लाउंजचं सदस्यत्व) वापरून जायचं लाउंज. टर्मिनल ५ ला आम्ही गेलो ते अस्पायर, गेट ए१८ जवळ.

आता इथे एक गोष्ट नीट वाचा कारण यावरच सगळं अवलंबून आहे. प्रायॉरिटी पास आहे म्हणजे आत जागा आहे असं नसतं. मागे एका दुसऱ्या देशातल्या एअरपोर्टवर एका लाउंजच्या दारातून मला "फुल आहे, दोन तासांनी या" म्हणून परत पाठवलं होतं आणि दोन तासांनी तर माझं विमानच होतं. एकटी असले की चालतं, सँडविच घेऊन गेटवर बसते, पण आईला घेऊन असं दारात उभं राहायचं नव्हतं. म्हणून यावेळी काही पौंड वेगळे भरून वेळ आधीच बुक करून ठेवली होती. दारात बाहेर बरीच माणसं थांबलेली, आमचं बुकिंग बघितलं आणि लगेच आत. हे जास्तीचे पैसे अख्ख्या प्रवासातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे आहेत, खरंच सांगते. आणि भारतातल्या क्रेडिट कार्डावरचा पास असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन बघून घ्या की परदेशातल्या भेटी फुकट आहेत का, कारण बऱ्याच कार्डांवर आता आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असेल तरच फुकट मिळतं, नाहीतर बिल नंतर कार्डावर येतं आणि सोबतच्या माणसाचं तर बहुतेक वेळा येतंच.

आत जेवण बुफे. गरम भाजी, भात, चिकनचा एक प्रकार, सूप, सॅलड, चीज, ब्रेड, केक. चवीला थोर नाही पण गरम आणि ताजं होतं, आणि संपलेलं भांडं लगेच भरत होते. आईने भात आणि त्यावर ती रश्शाची भाजी घेतली, वर दही मिळालं, तिचं काम झालं. मी दोनदा घेतलं. मुद्दा चवीचा नाहीच. मुद्दा हा की संध्याकाळी साडेसहाला, टेबलावर, ताट समोर नीट ठेवून, पाय लांब करून जेवता येतं, औषधं वेळेवर घेता येतात, वॉशरूम स्वच्छ, फोन चार्ज होतो. आईची बीपीची गोळी रात्रीच्या जेवणानंतरची असते, विमानात जेवण नक्की कधी हातात येईल याचा भरवसा नसतो.

फक्त वेळेकडे लक्ष ठेवा. साधारण तीन तासांची मर्यादा असते आणि आत तुमच्या गेटची कोणी हाक मारत नाही, स्क्रीन आपणच बघायची. टर्मिनल ५ म्हणजे खरं तर तीन इमारती आहेत, ए मुख्य आणि बी, सी पलीकडे, मध्ये जमिनीखालून छोटी ट्रेन धावते. लांबच्या फ्लाइट बऱ्याचदा बी किंवा सी वरून सुटतात. लाउंज ए मध्ये. आमचं गेट सी ला आलं, म्हणजे सरकते जिने, ट्रेन, परत जिने आणि मग चालणं, आईच्या वेगाने चालत गेलो असतो तर पुरी वीस-पंचवीस मिनिटं. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागा, त्याला पैसे पडत नाहीत, फक्त ४८ तास आधी एअरलाइनला कळवायचं. आई नको म्हणत होती, "मी काय आजारी आहे का गं?" पण मी आधीच टाकून ठेवलेली, आणि ढकलणारा मुलगा इतका गोड होता की सी गेटपर्यंत त्याची सगळी चौकशी करून झाली होती तिची.

आता विमान. आमचं बोइंग ७८७-९ होतं. यात वर्ल्ड ट्रॅव्हलर प्लसच्या फक्त ३९ सीट आहेत, रांगेत २-३-२ अशा, त्यामुळे दोघांसाठी खिडकीच्या बाजूची जोडी एकदम बेस्ट, तिसरं कोणी ओलांडून जाणारं नाही. दोन रांगांमधलं अंतर ३८ इंच, इकॉनॉमीत ते ३१ च्या आसपास असतं. ऐकायला सात इंच म्हणजे काय एवढं, पण गुडघा आणि समोरची सीट यात वीतभर मोकळी जागा राहते आणि तेवढ्यात पाय सरळ करता येतो, बसल्याबसल्या घोटा फिरवता येतो. सीटची रुंदी साडेअठरा इंच, खाली पाय ठेवायला पट्टी, मान टेकवायला दोन्ही बाजूंनी वळणारी उशी. पाठ बरीच मागे जाते पण आडवं होता येत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवूनच पैसे भरा. ही झोपायची बर्थ नाही, शिवनेरीच्या सीटची जरा श्रीमंत बहीण आहे म्हणा. बिझनेसच्या फोटोंशी तुलना करत बसलात तर निराश व्हाल, इकॉनॉमीशी केलीत तर सुखी.

७८७ चं मला स्वतःला फार कौतुक आहे. यात आतल्या हवेचा दाब साधारण सहा हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवतात, जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांसारखा असतो, शिवाय हवा थोडी कमी कोरडी. उतरल्यावर डोकं जड होत नाही, ओठ फाटत नाहीत. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं तरी ती आपणहून म्हणाली की यावेळी कान नाही दुखले गं. खिडक्यांना झडपा नाहीत, बटणाने काच गडद होते, सकाळी सगळ्या केबिनमध्ये एकदम ऊन घुसत नाही. मात्र या रूटला विमान बदलू शकतं, ७७७ आलं तर तिथे रचना २-४-२ असते. जोडी तिथेही मिळते, पण तिकीट काढताना विमान कुठलं आहे ते बघून घ्या.

झोपेचं गणित असं आहे. फ्लाइट नऊ तासांची. उड्डाण, मग ड्रिंक्स, मग जेवण, ट्रे उचलणं, दिवे घालवणं यात सव्वादोन-अडीच तास सहज जातात. उतरायच्या दीड-दोन तास आधी नाश्त्यासाठी दिवे लागतात. हातात उरतात पाच तास, त्यात झोप लागायला अर्धा तास. रात्रीच्या फ्लाइटने पूर्वेकडे येताना रात्र मुळातच आखूड होते, घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे पळतं. म्हणून मी चढल्या चढल्या क्रूला सांगितलं की आम्ही जेवून आलोय, उठवू नका, नाश्त्याला मात्र उठवा. त्यांनी हसून हो म्हटलं आणि खरंच पाळलं. ब्लँकेट चांगलं जाड होतं, छोट्या पाऊचमध्ये डोळ्यांवरची पट्टी, मोजे, टूथब्रश. आईने मोजे लगेच चढवले.

आणि इथे आमचा वाद झाला. आई म्हणाली, "अगं जेवणाचे पैसे भरलेत ना आपण, मग नको कशाला म्हणतेस?" मी म्हटलं आई, तू जेवलीस ना आत्ता. "ते वेगळं, हे वेगळं." शेवटी तिने ट्रे घेतला, चिनी मातीच्या ताटल्या आणि स्टीलचे काटे-चमचे बघून खूश झाली, गोड तेवढं खाल्लं आणि झोपली. मी घेतलाच नाही आणि तिच्यापेक्षा दीड तास जास्त झोपले. सकाळी कोण ताजं होतं हे सांगायला नकोच, तरी तीही सहज उठून चालायला लागली, कुणाचा हात न धरता, आणि मला त्यासाठीच हे तिकीट काढायचं होतं.

जेवणाबद्दल एक महत्त्वाचं. शाकाहारी असाल तर बुकिंगमध्ये 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन' निवडा. 'हिंदू मील' निवडू नका, त्यात बीफ नसतं इतकंच, चिकन, मटण, मासे असू शकतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंना हे ताटावरचं झाकण काढल्यावर कळलं होतं. किमान २४ तास आधी टाकावं लागतं.

पैशांचं बोलू. आम्हाला हे इकॉनॉमीच्या साधारण पावणेदोनपट पडलं. पण यात एक गोष्ट लपलेली असते ती म्हणजे ब्रिटन सरकारचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा टॅक्स. तो ब्रिटनहून निघतानाच लागतो, आणि सगळ्यात खालच्या वर्गाला कमी, त्याच्या वरच्या प्रत्येकाला जास्त. म्हणजे प्रीमियम इकॉनॉमीवाला आणि सपाट बेडवर झोपणारा बिझनेसवाला सारखाच टॅक्स भरतात. भारतासाठी एप्रिल २०२५ पासून हा इकॉनॉमीला ९० पौंड आणि वरच्या वर्गांना २१६ पौंड होता, एप्रिल २०२६ पासून १०२ आणि २४४. म्हणजे सीटवर एक पैसा खर्च व्हायच्या आधीच शंभराहून जास्त पौंडांचा फरक सरकारच्या खात्यात जातो, मला हे अन्यायाचं वाटतं, सात इंच जास्त जागेला बिझनेसचा दर लावणं. आणि मुलं असतील तर अजून जपून, १६ वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत हा टॅक्स माफ आहे, प्रीमियममध्ये नाही. चौघांचं कुटुंब असेल तर मी स्पष्ट सांगेन, इकॉनॉमीनेच या. मुंबईहून लंडनला जाताना हा टॅक्स नसतो, पण ती फ्लाइट दिवसाची घेतली तर झोपेचा प्रश्नच येत नाही, तिकडे मी इकॉनॉमीनेच जाते. जाताना एक वर्ग आणि येताना दुसरा असं तिकीट काढता येतं. आधी इकॉनॉमी काढून नंतर बुकिंगमध्ये अपग्रेडचा भाव बघत राहायचा हाही एक मार्ग आहे, कधी कधी बरा भाव दिसतो, पण आई-बाबांसाठी त्यावर विसंबू नका.

सीट आधी निवडायला स्वस्तातल्या भाड्यांवर वेगळे पैसे लागतात, फुकट निवडायची तर २४ तास आधी चेक-इन उघडल्यावर. जोडीने बसायचं असेल तर त्या मिनिटाला लॉगिन करा. सगळ्यात पुढची रांग मी टाळते, पायाला जागा असते पण ट्रे हँडलमधून निघतो म्हणून हँडल वर होत नाही आणि उड्डाणाच्या वेळी पर्सही वर ठेवावी लागते.

सामान मात्र भरपूर, माणशी २३ किलोचे दोन डाग. दोघींचे मिळून चार. आईने भाचरांसाठी चॉकलेटं, तिच्या भिशीतल्या बायकांसाठी शॉर्टब्रेडचे डबे, एक अख्खं बिडाचं भांडं असं सगळं आणलं आणि वजनकाट्यावर एकदाही बॅग उघडावी लागली नाही.

मुंबईत टर्मिनल २ ला सकाळी अकराला गर्दी मध्यरात्रीपेक्षा बरीच कमी असते. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) असेल आणि वरचेवर येणं-जाणं असेल तर फास्ट ट्रॅक इमिग्रेशनची नोंदणी करून टाका, मुंबईत जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, फुकट आहे, बोटांचे ठसे एकदाच द्यायचे की पुढे ई-गेटने बाहेर. व्हीलचेअर मागितली असेल तर ती विमानाच्या दारातच मिळते आणि इमिग्रेशनची रांगही वेगळी लागते. दादर, गिरगाव, कफ परेडकडे जाणाऱ्यांना आता टर्मिनल २ वरून थेट मेट्रो ३ आहे, एक बॅग असेल तर जरूर घ्या. चार डाग आणि पुणे असेल तर टॅक्सी लंडनहूनच बुक करून ठेवा आणि ड्रायव्हरला उतरल्यावर फोन करा, विमान टेकल्यापासून बाहेर यायला आम्हाला तासाभराच्या वर लागला, पट्ट्यावर शेवटचा डाग यायला सगळ्यात जास्त वेळ गेला.