मेंदूचं आठ तुकड्यांचं मॉडेल: दोन सत्रं वापरल्यावर

शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गासाठी घेतलेल्या या प्लास्टिकच्या मेंदूला दोन सत्रं झाली. चुंबकं पक्की आहेत. तीनदा पडूनही टेम्पोरल लोबचा एक टवका तेवढा उडाला. रंग भडक, पण मागच्या बाकावरून दिसतात.

माझी तक्रार वेगळी आहे. माणूस शुद्धीवर राहतो तो कशाच्या जोरावर, हे शिकवायला घेतलं की मॉडेल माझ्याच विरुद्ध साक्ष देतं. लहान मेंदू घडी न् घडी कोरून सुटा दिलाय. मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज तिथेच असतात, हे खरं. पण जन्मतःच तो नसलेली माणसंही अडखळत का होईना चालतात, बोलतात आणि पूर्ण भानावर असतात. उलट दोन्ही बाजूंच्या थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूच्या गाभ्यातल्या गाठींच्या, मधल्या भागाला इजा झाली, तर वरचा बाह्यक (मोठ्या मेंदूचा बाहेरचा थर) धड असूनही माणूस गुंगीत जाऊ शकतो. तो थॅलॅमस इथे मधल्या तुकड्यालाच चिकटवून टाकलाय, हातात घेऊन दाखवताच येत नाही.

बेसल फोरब्रेनला, म्हणजे मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाला, तर रंगच नाही! तिथल्या मायनर्टच्या केंद्रातून, म्हणजे चेतापेशींच्या एका पुंजक्यातून, अ‍ॅसिटिलकोलीन हे निरोप नेणारं रसायन बाह्यकभर पोहोचतं. मी तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

रसायनं प्लास्टिकमध्ये दाखवता येणार नाहीत, हे मान्य. म्हणून लोकरीचे धागे बांधले: अ‍ॅसिटिलकोलीन निळं, मस्तिष्कस्तंभातून वर येणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन लाल, हायपोथॅलॅमसमधून निघणारं हिस्टामिन पिवळं. जागेपणी तिन्ही ताणलेले. स्वप्नांच्या झोपेत लाल, पिवळा सोडायचा, निळा तसाच. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग सर्दीच्या गोळीने झोप का येते?" मी काही न बोलता पिवळा धागा ओढला. जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मेंदूत शिरून हिस्टामिनचीच वाट अडवतात.

भुलेपाशी मात्र अडले. प्रोपोफॉल हे भुलेचं औषध गाबा या शांत करणाऱ्या रसायनाच्या ग्राहींवर (ते झेलणाऱ्या रेणूंवर) काम करून चेतापेशींना गप्प करतं, आणि गाबा तर मेंदूत जिकडे तिकडे. धागा कुठून कुठे नेणार? शेवटी अख्ख्या मॉडेलवर रुमाल टाकला.

रचना शिकवायला चार तारे, भान शिकवायला दोन. लोकर आपली आपण आणावी. आणि स्टँडचा स्क्रू आल्या आल्या आवळून घ्या, ते तीनदा पडणं त्यामुळेच.