पाळणाघर गुपचूप विकायचंय: आपल्याच टीचरला, जवळच्या स्पर्धकाला की बाहेरच्या खरेदीदाराला?

ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक अशा शहरांत एका बाईंनी फ्लॅटमध्ये किंवा बंगल्याच्या तळमजल्यावर सुरू केलेली पाळणाघरं आणि प्ले-ग्रुप पुष्कळ आहेत. पंधरा-वीस वर्षं चालवल्यावर गुडघे बोलू लागतात किंवा मुलगा परदेशी बोलावतो, आणि विकायचा विचार येतो. पाठोपाठ भीतीही येते: बभ्रा झाला तर?

ही भीती रास्त आहे. या धंद्यात विकण्यासारखं सामान फारसं नसतंच. घसरगुंडी, छोट्या खुर्च्या, गाद्या, सीसीटीव्ही यांची किंमत ती किती! खरेदीदार पैसे मोजतो ते पटावरच्या मुलांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या टीचर-मावशींसाठी. विक्रीची कुणकुण लागली की आधी चांगली मावशी दुसरीकडे शब्द टाकते आणि तिच्यामागोमाग पालक हलतात. सौदा होईपर्यंत विकायला उरतो तो फक्त बोर्ड.

आता तीन वाटा पाहू.

आपल्याच जुन्या टीचरला देणं ही सगळ्यांत शांत वाट. बाहेरच्या कुणाला जागा दाखवायची नाही, जाहिरात नाही, दलाल नाही. मुलं तिला ओळखतात, कोणत्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे तिला पाठ असतं. अडचण पैशाची. तिच्याकडे एकरकमी रक्कम क्वचितच असते, म्हणून भाव कमी येतो आणि तोही हप्त्यांत. हप्ते थकले तर वसुली कशी करायची, हे करारात आधीच लिहून घ्या. काही रक्कम सुरुवातीला रोख, बाकीच्यासाठी पुढच्या तारखांचे चेक आणि शक्य असेल तर नवऱ्याची किंवा भावाची हमी. ‘घरचीच आहे’ म्हणून तोंडी ठरवू नका, नातं टिकवायचं असेल तर नक्कीच नाही. आणखी एक गोष्ट: तिला विचारलंत आणि ती नाही म्हणाली, तर तुमचं गुपित रोज तुमच्याच वर्गात वावरणार आहे. त्यामुळे तिचा कल आधी ओळखा आणि मगच विषय काढा.

जवळच्या स्पर्धकाला धंदा कळतो, पैसेही तो लवकर काढतो, कारण तुमची मुलं मिळाली की त्याचे वर्ग भरतात. पण गुप्तता फुटण्याचा सगळ्यांत मोठा धोका इथेच. सौदा फिसकटला तरी त्याच्या हाती तुमची फी, पटसंख्या आणि टीचरचे पगार राहतात, आणि पुढच्या ॲडमिशनच्या वेळी तो ते वापरणार. गोपनीयतेच्या करारावर सही घ्याच, पण तिच्यावर विसंबू नका. चार पालकांच्या कानावर गोष्ट कुणी घातली, हे कोर्टात सिद्ध करणं फार कठीण. म्हणून टोकन येईपर्यंत त्याला एकूण आकडेच दाखवा, नावं नाहीत. माझ्या मते बाकी दोन्ही वाटा बंद झाल्याशिवाय या दारात जाऊ नये.

बाहेरचा खरेदीदार, म्हणजे नवा उद्योजक, नोकरी सोडून आलेली एखादी ताई किंवा प्रीस्कूलची साखळी, बहुधा सर्वांत चांगला भाव देतो. अशांपर्यंत तुमचा सीए, वकील किंवा दलाल पोहोचतो. इथे जाहिरातच घात करते. ‘कोथरूडमधील 15 वर्षं जुनं, बागेसमोरचं प्रीस्कूल’ असं लिहिलं की आख्ख्या परिसराला कळतं. शहर आणि साधारण पटसंख्या यापलीकडे काही छापू नये. तुम्ही स्वतः एखाद्या साखळीची फ्रँचायझी चालवत असाल, तर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय हस्तांतर बहुधा होत नाही. तो करार आधी काढून वाचा.

जागा दाखवण्याबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे. खरेदीदाराला ‘नवे पालक’ म्हणून शाळेच्या वेळात फिरवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. ज्याची ओळखही नीट तपासलेली नाही असा माणूस खोटं नाव सांगून झोपलेल्या मुलांच्या खोलीत उभा राहणं कुठल्याही भावाला परवडणारं नाही. रविवारी, रिकाम्या वास्तूत दाखवा. मुलांचे फोटो, पालकांचे फोन, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही दाखवू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो, आणि कायदा नसता तरी ती माहिती आपली नव्हेच. उलट, पूर्वी झालेला अपघात किंवा पालकांशी असलेला वाद खरेदीदारापासून लपवू नका. तो लेखी सांगा.

कोणतीही वाट घेतली तरी जागामालक मध्ये येतोच. लीव्ह अँड लायसन्स तुमच्या नावावर असतं आणि ते खरेदीदाराच्या नावावर आपोआप जात नाही. त्याला नवा नोंदणीकृत करार करावा लागतो, सोसायटीची परवानगी असेल तर तीही पाहावी लागते. मालकाला फार लवकर सांगितलं तर तो भाडं वाढवतो, फार उशिरा सांगितलं तर सौदा अडतो. टोकन घेताना ‘जागेचा करार झाला तरच व्यवहार पक्का’ अशी अट घाला आणि मग मालकाशी बोला.

धंदा तुमच्या एकटीच्या नावावर असेल तर पॅन आणि उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) विकता येत नाही. विकलं जातं ते सामान, नाव आणि गुडविल, म्हणजे धंद्याने कमावलेली पत. गुडविलसोबत खरेदीदार तुमच्याकडून ‘या परिसरात पुन्हा पाळणाघर काढणार नाही’ असं लिहून मागेल. भारतीय करार कायद्याचं कलम 27 एरवी अशी बंधनं रद्द ठरवतं, पण गुडविलच्या विक्रीत वाजवी हद्दीपुरती ती मान्य करतं. हद्द आणि मुदत नेमकी लिहून घ्या, नाहीतर उद्या शेजारच्या नातवंडांना सांभाळणंही वादात सापडेल. वर्षाची आगाऊ घेतलेली फी, पालकांची डिपॉझिटं आणि मावशींची देणी किमतीतून कशी वळती करायची, हेही त्याच कागदावर यावं.

गुप्तता टिकवायची ती सह्या होईपर्यंत. त्यानंतर आधी टीचर-मावशी आणि त्याच आठवड्यात पालक, हा क्रम ठेवा. पालकांना ताबा देण्याआधी किमान महिनाभर कळायलाच हवं, कारण आपलं मूल कुणाच्या हाती आहे हे जाणण्याचा हक्क त्यांचा आहे. त्या महिन्यात तुम्ही आणि नव्या बाई दोघीही रोज हजर राहा. ताब्यासाठी प्ले-ग्रुपला मे महिना सोयीचा. डे-केअरला तो नाही, कारण शाळांना सुट्टी लागली की मोठी मुलंही दिवसभर तिथेच असतात आणि जूनमध्ये नव्या मुलांची रडारड असते. डे-केअर द्यायचं असेल तर दिवाळीनंतरचे आठवडे धरा. मुलं तोवर रुळलेली असतात.