धुकं धुक्यासारखंच छापून देणारं दुकान

दांडिया बाजारातल्या एका आतल्या गल्लीत, जिना चढून वर, फोटो छापून फ्रेम करून देणारं दुकान आहे. पाटी रस्त्यावरून दिसत नाही. खाली शिलाई मशीन दुरुस्त करणारे काका बसतात, त्यांना विचारलं की "उपर छे, बेन" म्हणून जिना दाखवतात. दिवाळीपासून मी तिथे चौदा प्रिंट काढून घेतले. बडोद्यात मनापासून फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिथे जावं, असं मला वाटतं.

माझे फोटो कसले ते आधी सांगते. माझी मुलगी अमेरिकेत मिनियापोलिसला असते. तिथून गाडीने अडीच तासांवर लेक सुपीरियर या अवाढव्य सरोवराच्या टोकाला डुलूथ हे बंदर आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथला एरियल लिफ्ट ब्रिज वर जाताना पाहिला. जहाजाने भोंगा दिला, पुलाने भोंग्यानेच उत्तर दिलं, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या आणि मधला अख्खा रस्ता सरळ वर उचलला गेला. पूल १९०५चा, हा उचलता गाळा त्याला १९२९-३०मध्ये बसवला. जहाज धक्क्याच्या इतक्या जवळून जातं की डेकवरच्या माणसाने हात केला तर आपणही करतो. त्या दिवसापासून माझं वेड तेच. चार वाऱ्या झाल्या, चारही वेळा दीपगृहं, पूल आणि जहाजं.

आधी हे फोटो मी एका मोठ्या लॅबमध्ये दिले होते. पॉल आर. ट्रेगर्था हे ग्रेट लेक्सवरचं, म्हणजे सुपीरियर आणि तिच्या शेजारच्या मोठ्या सरोवरांवरचं, सगळ्यात लांब जहाज, साडे १,०१३ फूट. त्याचा आडवा, लांबट फोटो मी जपून काढला होता. लॅबने तो न विचारता १२ बाय १८च्या मापात बसवला आणि दोन्ही कडा कापल्या. या जहाजाचं सुकाणूघर, इंजिन, माणसांच्या खोल्या सगळं मागच्या टोकाला आहे. नेमकं तेच गेलं, हातात आली ती नुसती लोखंडी भिंत. शिवाय मशीनने आपणहून रंग 'सुधारले' होते. सुपीरियरवरचं राखाडी धुकं निळं झालं, जहाजाचा विटकरी रंग नारिंगी. मला रडू आलं होतं.

या दुकानातल्या दादांनी पेन ड्राइव्ह लावला, फोटो उघडला आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "काकू, धुकं मुळात असंच होतं ना? मग मी त्याला हात लावत नाही." मी तिथेच खुर्ची ओढून बसले.

त्यांची पद्धत अशी की मोठा प्रिंट काढण्याआधी फोटोतल्या अवघड जागेची चार इंची पट्टी छापून दाखवतात. माझा सगळ्यात अवघड फोटो स्प्लिट रॉक दीपगृहाचा. १९०५च्या नोव्हेंबरातल्या वादळात बरीच जहाजं गेली, म्हणून हे १३० फुटी कड्यावर बांधलं. १९१०मध्ये सुरू झालं, १९६९मध्ये बंद. पण दर वर्षी १० नोव्हेंबरला संध्याकाळी तिथला दिवा पुन्हा लावतात, कारण १९७५मध्ये त्याच तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज २९ माणसांसह बुडालं. एकही वाचला नाही. एकेक नाव वाचतात आणि नावागणिक घंटा देतात. मी खाली गोट्यांच्या किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून उभी होते, थंडीने बोटं वळत नव्हती. फोटोत कडा जवळजवळ काळा, आभाळ त्याहून जरासं उजळ आणि वर तो एवढासा दिवा.

पहिली पट्टी मॅट कागदावर आली. कडा डांबराचा गोळा झाला होता. दादांनी सावल्या थोड्या उजळल्या, तर दुसऱ्या पट्टीत आभाळ खडू फासल्यासारखं दिसलं. "हा कागद काळ्यातलं काळं वेगळं ठेवत नाहीये," म्हणाले आणि किंचित चकाकीचा लस्टर कागद घातला. तिसऱ्या पट्टीत कड्याच्या भेगा दिसायला लागल्या. मी उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दिवा पांढरा होता की पिवळा?" म्हटलं, पिवळसर, तुपाच्या निरांजनासारखा. चौथी पट्टी निघाली आणि ती मी अजून पाकिटात ठेवली आहे. पट्ट्यांचे पैसे घेतले नाहीत.

मिशिगनमधल्या मॅकिनॅक पुलाचा फोटो १२ बाय ३६ इंचांत, न कापता, रोलवर काढून दिला. १९५७चा हा पूल जवळपास आठ किलोमीटर लांब आहे, तो अखंडच दिसायला हवा.

फ्रेमच्या बाबतीत त्यांचं ऐकाच. काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालतातच, नको म्हटलं तरी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून काचेला चिकटलेले लग्नाचे फोटो कोणाच्या घरी नाहीत? माझ्या आईचा तसाच गेला.

तक्रारी दोन. आठ दिवस सांगून फ्रेम एकोणीस दिवसांनी दिल्या, आणि दर वेळी फोन मलाच करावा लागला. एका माउंटची खालची कड तिरकी कापली गेली होती. दाखवल्यावर वाद न घालता नवीन कापून दिलं, पण तेवढ्यासाठी तो उभा जिना पुन्हा चढावा लागला. गुडघे दुखणाऱ्यांनी कोणाला तरी सोबत न्यावं.

१२ बाय १८चा लस्टर प्रिंट ३८० रुपयांना पडला. लॅबपेक्षा महाग आहे, पण मला ते पैसे जड वाटले नाहीत. दुपारी दीड ते चार बंद, सोमवारी सुट्टी. फोटो पेन ड्राइव्हमध्ये मूळ फाइलच न्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला ते छापतच नाहीत, आणि बरोबर करतात.

पुढच्या आठवड्यात सू लॉक्सचे, म्हणजे सुपीरियरमधून जहाजं खालच्या सरोवरात उतरवणाऱ्या पाण्याच्या हौदांचे, तीन फोटो घेऊन जाणार आहे. त्यातल्या पो लॉक या हौदाची रुंदी ११० फूट आणि त्यात शिरणारं ट्रेगर्था १०५ फूट रुंद. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांची फट उरते, आणि माझ्या फोटोत तिच्यात पाण्याची एक काळी रेघ आहे. ती रेघ प्रिंटमध्ये दिसली पाहिजे, एवढंच दादांना सांगायचं आहे.