जुन्या वृत्तपत्रांचा डिजिटल संग्रह खुला ठेवायचा, तर कोणाच्या भरवशावर?

जुन्या वृत्तपत्रांची पाने स्कॅन होतात, अनुदानाचा हिशेब सादर होतो, संकेतस्थळाचे उद्घाटनही पार पडते आणि त्यानंतर काही वर्षांनी संग्रह बाळगणाऱ्या संस्थेपुढे खरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे ही पाने लोकांना पाहता यावीत यासाठीचा खर्च यापुढे दरवर्षी कोण उचलणार. अशा वेळी सहसा चार मार्ग समोर असतात: स्वतःचे संकेतस्थळ चालवत राहणे, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मंचावर संग्रह सोपवणे, व्यावसायिक कंपनीशी करार करणे किंवा इंटरनेट अर्काइव्हसारख्या सार्वजनिक भांडारात पाने चढवणे. यांची तुलना करताना आजचा खर्च आणि आजच्या सोयी यांवरच नजर खिळते. मी मात्र प्रत्येक मार्गाला आधी एकच प्रश्न लावतो, की ही व्यवस्था उद्या मोडली तर आपल्या हातात काय उरेल.

खर्चाविषयी एक गैरसमज प्रथम दूर करायला हवा. मोठ्या आकाराचे एक पान 400 डीपीआयवर (दर इंचाला 400 बिंदू) करड्या छटांत स्कॅन केले, तर त्याच्या प्रतिमेची असंकुचित टिफ फाइल साधारण 50 ते 60 एमबी भरते; म्हणजे एक लाख पानांना पाच-सहा टीबी जागा लागते आणि तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या तरी आकडा वीस टीबीच्या आतच राहतो. आजच्या साठवणुकीच्या मानाने हे काही फार नाही. खर्च होतो तो माणसांवर: सर्व्हरची सुरक्षा पाहणारा, सॉफ्टवेअरची आवृत्ती कालबाह्य झाली की संग्रह नव्या प्रणालीत हलवणारा, फाइली बिघडल्या नाहीत ना हे चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडून पाहणारा, प्रताधिकाराच्या तक्रारींना उत्तरे देणारा. हे काम कधी संपत नाही, आणि अनुदान मात्र मुदतीचे असते.

स्वतःचे संकेतस्थळ चालवण्यात स्वातंत्र्य सर्वाधिक आहे. शोध कसा चालावा, कोणते अंक आधी यावेत, वाचकाने ओसीआरचा (म्हणजे प्रतिमेतील अक्षरे संगणकाने ओळखून तयार केलेला) चुकलेला मजकूर दुरुस्त करावा की नाही, हे सारे आपण ठरवतो. अमेरिकेतील ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहासाठी तयार झालेल्या खुल्या प्रणालीवरून पुढे ‘ओपन ओएनआय’ विकसित झाली आणि ऑरेगन व नेब्रास्का येथील संग्रहांनी ती वापरली; त्यामुळे सॉफ्टवेअर मुळापासून लिहून घेण्याची गरज उरलेली नाही. पण खुले सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी ते चालवणारा माणूस फुकट मिळत नाही, आणि असा माणूस बहुधा एकटाच असतो. तो नोकरी सोडून गेला की संकेतस्थळ काही काळ आपोआप चालते, मग एक दिवस शोध बंद पडतो, पुढे डोमेनचे नूतनीकरण राहून जाते. मजकूर ओरबाडून नेणाऱ्या स्वयंचलित बॉटांचा भारही अलीकडे लहान सर्व्हरांना सोसवेनासा झाला आहे. तंत्रज्ञांच्या पदासाठी नियमित अर्थसंकल्पात तरतूद नसेल, तर हा मार्ग निवडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय मंचाची बाजू भक्कम वाटते आणि बऱ्याच अंशी ती आहेही. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘पेपर्स पास्ट’ 2001 पासून विनाशुल्क चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या मंचावर वाचकांनी स्वेच्छेने मजकुराच्या कोट्यवधी ओळी दुरुस्त केल्या आहेत. एवढा वाचकवर्ग लहान संस्थेला स्वबळावर कधीच मिळणार नाही. तरीही सरकारी म्हणजे कायमचे, असे समीकरण मांडता येत नाही. 2016 मधील कपातीनंतर ट्रोव्हने लहान संग्रहालयांची सामग्री स्वखर्चाने सामावून घेणे थांबवले होते, आणि 2023 च्या मध्यानंतरच्या खर्चाची तरतूदच नसल्याने पुढे सारी सेवाच टांगणीला लागली होती. एप्रिल 2023 मध्ये चार वर्षांसाठी 3.3 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर आणि त्यानंतर दरवर्षी 92 लाख डॉलरची कायम तरतूद जाहीर झाली, तेव्हा कुठे प्रश्न सुटला. यातून निर्णय घेणाऱ्याने घ्यायचा बोध असा, की मंचाची लोकप्रियता पाहण्याआधी त्याचा निधी मुदतीच्या प्रकल्पातून येतो की संस्थेच्या नियमित अर्थसंकल्पातून, हे पाहावे. सुरक्षेच्या बाबतीतही मोठेपणा पुरेसा ठरत नाही. ऑक्टोबर 2023 मधील सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या अनेक डिजिटल सेवा कित्येक महिने बंद होत्या.

व्यावसायिक करार हा सर्वाधिक वादाचा मार्ग, म्हणून त्यावर थोडे थांबतो. त्याला सरसकट नाके मुरडणे मला पटत नाही. नोव्हेंबर 2011 मध्ये सुरू झालेला ‘ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह’ हा ब्रिटिश लायब्ररी आणि वंशावळ-शोधाच्या क्षेत्रातील एका कंपनीच्या भागीदारीतून उभा राहिला. दहा वर्षांत चार कोटी पाने स्कॅन करण्याचे त्याचे उद्दिष्ट होते, आणि एवढे काम केवळ सार्वजनिक पैशातून त्या काळात उभे राहणे अवघडच होते. पाने पाहण्यासाठी वर्गणी भरावी लागते, मात्र लायब्ररीच्या वाचनकक्षांत ती विनामूल्य पाहता येतात, आणि 2021 मध्ये दहा लाख पाने सर्वांसाठी खुलीही झाली. म्हणजे खुलेपणा येतो, पण उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. अशा करारात तीन कलमे तपासावीत. कंपनीचा एकाधिकार किती वर्षांचा, आणि तो संपल्यावर पाने आपोआप खुली होतात की पुन्हा वाटाघाटी कराव्या लागतात? मूळ टिफ फाइलींबरोबर ओसीआरचा मजकूर आणि तपशिलांच्या नोंदी संस्थेला मिळतात की फक्त पाहण्याजोगे पीडीएफ? आणि कंपनी विकली गेली तर करार नव्या मालकाला बांधील राहतो का? ज्यांच्या प्रताधिकाराची मुदत केव्हाच संपली आहे अशी पाने कराराच्या आडून पुन्हा कुलुपात जाणार असतील, तर फुकट मिळालेल्या स्कॅनिंगची ती फार मोठी किंमत आहे.

कंपनीच्या औदार्यावर विसंबण्याचा एक अनुभव सर्वश्रुत आहे. गुगलने 2008 मध्ये जुनी वृत्तपत्रे स्कॅन करून विनाशुल्क देण्याचा उपक्रम जाहीर केला आणि 2011 मध्ये नवे स्कॅनिंग थांबवले. तिथे कोणी वाचकाकडून पैसे मागितले नव्हते. कंपनीचा रस संपला, एवढेच. वर्गणी घेणाऱ्याला निदान सेवा चालू ठेवण्यात स्वार्थ असतो.

इंटरनेट अर्काइव्हसारखे भांडार लहान संग्रहासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत झटपट. कमतरता शोधात जाणवते: वृत्तपत्राचा वाचक तारीख, अंक, पान आणि बातमी अशा क्रमाने शिरतो, तर सर्वसाधारण भांडार प्रत्येक फाइलला एक पुस्तक समजते. ऑक्टोबर 2024 मधील हल्ल्यात ही सेवाही काही दिवस बंद पडली होती. दुसरी प्रत म्हणून ते उत्तम आहे, एकमेव घर म्हणून नाही.

या चौघांत एकाची निवड करण्याचा आग्रहच मुळात सोडावा, असे मला वाटते. जतन आणि वाचन ही दोन वेगळी कामे आहेत. मूळ फाइलींच्या जतनासाठी स्टॅनफर्डमध्ये 1999 च्या सुमारास सुरू झालेल्या ‘लॉक्स’ पद्धतीचे तत्त्व उपयोगी पडते: वेगवेगळ्या संस्थांनी एकमेकांच्या प्रती सांभाळायच्या आणि त्या नियमितपणे परस्परांशी ताडून बिघडलेली प्रत दुरुस्त करायची. हे जमल्यावर वाचनासाठी कोणताही मंच निवडला तरी धोका मर्यादित राहतो. स्थिर निधी असलेला राष्ट्रीय मंच उपलब्ध असेल तर तो पहिला. नसेल तर सार्वजनिक भांडार आणि त्यावर एक साधी तारीखवार सूची. स्कॅनिंगच बाकी असेल आणि पैसा अजिबात नसेल, तरच मुदतबंद व्यावसायिक करार. कोणत्याही मार्गात प्रत्येक पानाला कायमस्वरूपी दुवा हवा आणि त्या दुव्याचे डोमेन संस्थेच्या नावावर हवे, कारण मंच बदलला तरी अभ्यासकांनी तळटिपांत दिलेले पत्ते तेच राहिले पाहिजेत.

सही करण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. एका वृत्तपत्राचे एका वर्षाचे अंक समोरच्या मंचाला द्यावेत आणि महिन्याभराने ते सगळे परत मागावेत: प्रतिमा, मेट्स आणि ऑल्टो या प्रमाणित स्वरूपांतील नोंदी व मजकूर, वाचकांनी केलेल्या दुरुस्त्या. आलेला संच दुसऱ्या संगणकावर उघडून, त्यातील एखाद्या ज्ञात बातमीचा शब्द शोधून पाहावा.