अंगणातले घडीचे भिंग

दारव्हा तालुक्यातील खेड्यात भाड्याने घर घेतले आणि पहिल्याच आठवड्यात 10 पट मोठे दाखवणारे घडीचे भिंग मागवले. मृगाच्या सरीनंतर ओल्या मातीवर निघालेला लाल मखमली किडा त्याखाली न्याहाळला असता आठ पाय मोजता आले. कीटकांना सहाच पाय असतात; म्हणजे नावाने किडा असला, तरी तो कोळ्याच्या गोतातला. पुढे अंगणभर तरोटा (टाकळा) उगवला, तेव्हा पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, खालच्या जोडीमधील बारीक ग्रंथीही स्पष्ट दिसली. काच उत्तम आहे. मात्र वस्तू अडीच सेंटिमीटरवर आणावी लागत असल्याने फुलपाखरू हमखास उडून जाते, त्याने तरोट्यावर घातलेली अंडी तेवढी निवांत पाहता येतात. बिजागरीचा स्क्रू महिन्याभरातच ढिला झाला. घरमालकीण काकू मात्र रोज विचारतात, तरोट्याची भाजी कधी खुडणार?